लाँड्रीमागची खोली

टूसॉन, ९ फेब्रुवारी १९८६

ती. ओतिलियाताईस,

डेल्फिनाचा सा. न. वि. वि. आणि आईच्या पायांवर डोकं. देवाच्या दयेने तुम्ही दोघी बऱ्या असाल असं धरून चालते. मीही बरी आहे, फक्त हाताला साबणाचा वास बसलाय तो जात नाही.

तर ताई, झाली एकदाची माझी लाँड्री सुरू. दुसऱ्यांच्या घरी जाऊन इस्त्र्या करण्यात अर्धं आयुष्य गेलं. आता लोक आपली गाठोडी घेऊन माझ्या दारात येतात, नाणी टाकतात आणि बाकावर बसून गप्पा मारतात. खाणीतलं काम गेल्यापासून तुझा मेहुणा नाबोर नुसता भिंतीकडे बघत बसायचा. आता मशीनच्या पोटात डोकं घालून बसतो. इथलं पाणी इतकं जड आहे की नळ्यांमध्ये सतत चुना धरतो, त्यामुळे त्याला कामाची ददात नाही.

एक गंमत सांगते, हसू नकोस. इथे तारेवर टाकलेली चादर, आपण तव्यावरची पोळी उलटेपर्यंत वाळते. आणि अशा गावात कपडे वाळवायची मशीनं विकत घेणारी मी एकटीच शहाणी निघाले. ती आपली गप्प उभी असतात.

मेणबत्त्यांच्या सणाला पाद्रीबाबांनी येऊन दुकानावर तीर्थ शिंपडलं. मध्येच त्यांनी विचारलं की दुकानाचे धर्मपिता कोण. मी आणि नाबोर एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय! कोणाला सांगायचंच राहून गेलं होतं. ज्यांची इथे आधी लाँड्री होती, ज्यांनी आम्हाला मशीनं विकली आणि ज्यांची ही इमारत आहे, ते डॉन एवारिस्तो दारापाशी टोपी हातात धरून उभे होते, डोळे भरलेले. माझ्या तोंडून निघून गेलं की तेच, दुसरं कोण. त्यांनी फीत कापली आणि पोरासारखे रडले. तेव्हा आता ते आपले कोम्पाद्रे, मी त्यांची कोमाद्रे; घरचंच नातं झालं.

दुकानामागे त्याच भाड्यात मिळालेली एक खोली आहे, पूर्वेची खिडकी असलेली. ती आईची. सरहद्द ओलांडून इकडे यायचे तिचे कागद नाबोरने करून ठेवलेत. जूनमध्ये, सान हुआनच्या सणाला, मी तिला न्यायला येते. मग तू मोकळी. लिब्रादोला म्हणावं, लग्नाची टोपी झटकून ठेव.

लोभ आहे तो असाच राहू दे, आणि रागावलीस तरी पत्रातूनच रागाव.

तुझी,
डेल्फिना


ला मेसिता, २ मार्च १९८६

चि. डेल्फिनास,

ओतिलियाचे अनेक आशीर्वाद, नाबोरलाही त्यातलेच वाटून दे. इथे सर्व ठीक. आईची दृष्टी आता दारापर्यंतच पोहोचते, तोंड मात्र अजून गावच्या वेशीपर्यंत.

वाळवंटात कपडे वाळवायची मशीनं घेतलीस हे वाचून मी आणि आई पोट धरून हसलो. आता नाबोरला समुद्रकाठी मीठ विकायला धाड, म्हणजे घरात दोन धंदे होतील.

पण धर्मपित्याचं वाचून मला हसू आलं नाही. आपले बाबा काय म्हणायचे आठवतं ना? गिऱ्हाईक बदलतं, मालक बदलता येतो, वेळ पडली तर गावही बदलता येतं. कोम्पाद्रे मरेपर्यंत बदलत नाही. त्याला उलट बोलता येत नाही, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. ज्याच्याकडून वस्तू विकत घ्यायची त्यालाच कोणी नात्यात ओढतं का? बरं, झालं ते झालं. माणूस भला असेल तर काही बिघडत नाही.

लिब्रादो दर शनिवारी डोंगरावरच्या मळ्यातून चीज घेऊन उतरतो. तासभर आईशी गुरांबद्दल बोलतो आणि जाताना क्षणभर माझ्याकडे बघतो. आम्हा दोघांची वयं मिळवली तर गावच्या चर्चएवढी होतील, तरी माझे कान तापतात. त्याच्या मुलीला, कासिल्दाला, हे सगळं पसंत नाही. तिच्या आईची जागा आहे, तिचंही चुकत नाही. लिब्रादो म्हणतो की एकदा तारीख ठरली की तो तिला सांगेल; तारखेशिवाय सांगण्यात अर्थ नाही. तारीख तुझ्या हातात आहे, बाई. त्याच्या मळ्याला खेचराशिवाय वाट नाही, तिथे आईला नेता येत नाही, आणि माझ्याशिवाय ती कोणाच्या हातून आंघोळ करून घेत नाही. तुला करू देईल.

तिने आत्तापासून गाठोडं बांधायला घेतलंय.

आठवण ठेव, म्हणजे लोभ आपोआप राहील.

ओतिलिया


टूसॉन, २२ मे १९८६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उन्हाने डांबर मऊ झालंय आणि माझं डोकंही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मागच्या आठवड्यात धुळीचं वादळ आलं. तारांवरचे कपडे सगळ्यांना पुन्हा धुवावे लागले, आणि ज्या वाळवायच्या मशीनांना तू हसलीस त्यांच्यापुढे बायकांची रांग लागली. कोम्पाद्रे पहिल्यापासून सांगत होते की धुळीची वाट बघ. ते खरं ठरल्यावर त्यांनी येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ऐकवलं.

ते रोज येतात. दुकान त्यांच्याच किल्लीने उघडतात आणि कूलरखालच्या खुर्चीत बसतात. मी बाक सावलीत सरकवला की ते पुन्हा खिडकीशी सरकवतात, कारण बावीस वर्षं तो खिडकीशीच होता. पांढरे कपडे कसे वेगळे काढावेत हे ते गिऱ्हाइकांना शिकवतात. परवा एक नवी बाई त्यांनाच मालक समजली, तर नाही म्हणाले नाहीत. मी मालकीण आहे की मोलकरीण, हेच मला कळेनासं झालंय. नाबोरला म्हटलं तर तो म्हणतो गप्प बस, कोम्पाद्रे आहेत. मी गप्प बसते.

त्यांनी दुकान कधी एक दिवस बंद ठेवलं नव्हतं. बायकोला माती देऊन आले आणि दुपारी दार उघडलं, हे ते अभिमानाने सांगतात. आता मी दोन-चार दिवसांसाठी जाते म्हटलं तर कसं दिसेल? शिवाय आईच्या खोलीचा रंग अजून वाळायचाय. सान हुआनला थोडं मागेपुढे झालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

राग आला तर अर्धाच ठेव, अर्धा नाबोरसाठी राखून ठेव.

डेल्फिना


ला मेसिता, २६ जून १९८६

चि. डेल्फिनास आशीर्वाद.

सान हुआन झाला. बायका नदीवर गेल्या, आई गेली नाही. ती सकाळपासून गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. ट्रकचा आवाज आला की विचारायची की आली का. संध्याकाळी मी गाठोडं तिच्या हातातून काढून घेतलं. लिब्रादोही आला होता, नवा सदरा घालून. तो आईजवळ बसला आणि अंधार पडायच्या आत डोंगरावर परत गेला.

तुझ्या गावात चादर चुटकीसरशी वाळते म्हणालीस. भिंतीचा रंग महिनाभर कसा वाळत नाही ते कळव.

ओतिलिया


टूसॉन, १८ जुलै १९८६

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. आईची माफी मागते. पाऊस सुरू झालाय, रस्त्यांवरून चिखल वाहतो आणि दुकानात उभं राहायला जागा नसते. खोलीला ओल आली आहे. भिंत फुगली आहे, अशा खोलीत आईला ठेवलं तर तिची छाती भरेल. नाबोर बघतो म्हणालाय. ऑगस्टमध्ये नक्की. लिब्रादोला म्हणावं, इतकी वर्षं थांबला तसा अजून थोडा थांब.

मला वाईट समजू नकोस. तेवढी एकच मागणी.

डेल्फिना


ला मेसिता, २४ ऑगस्ट १९८६

डेल्फिना,

आशीर्वाद देते, कारण तो न देता पत्र सुरू करायची आपल्यात रीत नाही.

मिरच्यांचा ट्रक घेऊन सरहद्दीपलीकडे जाणारा आपला रोसेंदो तुमच्या गावात आला होता. मी त्याला आईच्या खोलीतल्या पडद्याचं माप आणायला सांगितलं होतं. तू दुकानात नव्हतीस म्हणून तो सरळ मागे गेला. त्याने येऊन सांगितलं की खोलीला ओल नाही, रंगही सुकलेला आहे, खिडकीतून छान ऊन येतं. आणि त्या उन्हात एक म्हातारा सपाता घालून पलंगावर बसून दाढी करत होता. आईच्या पलंगावर.

हे सगळं त्याने आईसमोर सांगितलं. नंतर आई मला म्हणाली की डेल्फिनाला विचार, तो म्हातारा बरा आहे का. तिला वाटलं कोणी आजारी पाहुणा असेल.

मला ओल सांगितलीस! टूसॉनमध्ये ओल! खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलायचं. मी इथे तुझ्या प्रत्येक पत्राचा शब्द लिब्रादोला वाचून दाखवते आणि तो मान हलवतो. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, डेल्फिना. मला अजून किती ऑगस्ट दाखवणार आहेस? तो म्हातारा म्हणजे तुझा कोम्पाद्रेच, दुसरं कोण. ज्या माणसाने तुला मशीनं विकली त्याला तू नाही म्हणू शकत नाहीस, आणि मला मात्र तीन महिने नाही म्हणते आहेस, तेही नाही हा शब्द न वापरता.

कासिल्दा बाळंत झाली, मुलगी झाली. लिब्रादो खुश आहे.

लोभाचं तूच ठरव.

ओतिलिया


टूसॉन, ७ सप्टेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी खोटं बोलले. मला लाज वाटली म्हणून बोलले.

कोम्पाद्रे मे महिन्यात आले, हातात एक सुटकेस. सुनेशी पटेना. मुलाने म्हटलं की काही दिवस कुठेतरी राहा. ते म्हणाले की कोमाद्रे, चार दिवस. मी आईच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. दुसरं काय करणार होते? दारात उभ्या राहिलेल्या कोम्पाद्रेला कोणी जागा नाही म्हटलंय असं तू कधी ऐकलंस? चार दिवसांचा आठवडा झाला, मग महिना झाला. मुलगा त्यांना न्यायला आला नाही. ते सकाळी खोलीतून निघून खुर्चीत बसतात आणि दुकान बंद झालं की खुर्चीतून उठून खोलीत जातात. आम्ही दोघं बोलायचं तर वाळवायच्या मशीनांच्या आवाजात बोलतो, म्हणजे त्यांना ऐकू जात नाही. स्वतःच्या दुकानात, ताई.

आणि ते वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. ते रोज माझ्यासाठी कॉफी करतात. गिऱ्हाइकांच्या मोज्यांच्या जोड्या लावून ठेवतात. मी खोलीचा विषय काढायला तोंड उघडते तेव्हा ते म्हणतात की कोमाद्रे, बोला, आणि माझं तोंड पुन्हा बंद होतं. तूच सांग मी काय करू.

डेल्फिना


ला मेसिता, २४ सप्टेंबर १९८६

चि. डेल्फिनास आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी जास्त बोलले. त्या म्हाताऱ्याचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण आता दुसरंच आलं आहे, नीट वाच.

काल कासिल्दा बाळाला घेऊन घरी आली. गोड बोलली, आईच्या हातात बाळ दिलं, आणि मग मला म्हणाली की माझ्या मुलीची धर्ममाता तुम्हीच व्हा. आईसमोर. आईने माझ्याआधीच देवाचे आभार मानले.

तुला कळलं ना? मी त्या बाळाला बाप्तिस्म्याला हातात धरलं की कासिल्दा माझी कोमाद्रे होईल, आणि आपल्या गावच्या रीतीने बाळाचा आजोबाही त्यात आला. लिब्रादो माझा कोम्पाद्रे होईल. कोम्पाद्रेशी लग्न म्हणजे सख्ख्या भावाशी लग्न. पाद्रीबाबा कदाचित लावूनही देतील, पण गावातलं कुत्रं आमच्या दाराशी येणार नाही. पोरीने फार हुशारीने केलंय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला तिचा धड रागही येत नाही.

बाळाला नाही म्हणता येत नाही. एकच कारण चालेल, की मी तुमच्याच घरात लिब्रादोची बायको म्हणून येणार आहे, दुसरी धर्ममाता बघ. पण ते मी केव्हा म्हणू शकते? आईची सोय झाल्यावर. लिब्रादोही म्हणतो की गाठोड्यासकट आई ट्रकमध्ये बसलेली दिसू दे, त्याच दिवशी तो चारचौघांत बोलेल.

बाळाचा चर्चमधला बाप्तिस्मा १२ ऑक्टोबरच्या रविवारी आहे. त्याआधी ये. इथल्या गावच्या दुकानातल्या फोनवर निरोप ठेवू नकोस, दुकानदारीण कासिल्दाची मावशी आहे. फक्त ये.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

ओतिलिया


टूसॉन, ६ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी सांगून टाकते: मी बोलले!

तुझं पत्र आलं त्या दिवशी नाबोरलाही सांगितलं नाही. कोम्पाद्रे मोजे लावत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले की मला ही खोली माझ्या आईसाठी हवी आहे, तुम्ही जा. त्यांनी हातातली जोडी लावून बाजूला ठेवली. मग म्हणाले की कोमाद्रे, तुमचं बरोबर आहे.

गल्लीत बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. रविवारी चर्चमध्ये बायकांनी माझ्याशेजारची जागा रिकामी ठेवली. दोन जणी आपली गाठोडी घेऊन दुकानासमोरून पुढे दुसऱ्या लाँड्रीत गेल्या, मला दिसेल अशा. कोम्पाद्रेला घराबाहेर काढलेली बाई आहे मी आता. नाबोर माझ्याशी बोलत नाही. असू दे.

त्यांनी एवढंच मागितलं की येत्या रविवारपर्यंत राहू द्या. त्यांना चर्चमधली शेवटची प्रार्थना ऐकून, सगळ्यांचा निरोप घेऊन, माणसासारखं जायचंय. त्याला काय नाही म्हणायचं, ताई? एवढं तर शत्रूलाही देतात. म्हणून ते १२ तारखेला जातील. मग खोली धुऊन काढते, आणि २५ तारखेच्या शनिवारी रोसेंदोच्या ट्रकने येते. तू कासिल्दाला म्हणावं की बाळाचं दोन आठवडे पुढे ढकल, बाळ काही पळून जात नाही. फोन करणार होते, पण तूच नको म्हणालीस.

लिब्रादोला सांग, टोपी घाल. आईला सांग, गाठोडं बांध.

आता तरी माझ्यावर पूर्वीसारखी माया कर.

तुझी,
डेल्फिना


ला मेसिता, १९ ऑक्टोबर १९८६

चि. डेल्फिनास,

ओतिलियाचे अनेक आशीर्वाद. पोस्टाचा भरवसा राहिला नाही, म्हणून हे पत्र रोसेंदोच्या हाती देते. तू निघायच्या आधी तो तुला देईल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बाळाचं रविवारी झालं.

शनिवारी दिवसभर मी ओसरीत बसून रस्त्याकडे बघत होते. पुढे ढकला म्हणून मी आधीच विचारलं होतं. कासिल्दाने विचारलं की कशासाठी, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. रविवारी मी काळा पोशाख घातला आणि चर्चमध्ये गेले. बाळाला हातात घेतलं. तिचं डोकं माझ्या तळहातात मावलं. पाण्याला ती रडली नाही, शहाणी आहे. लिब्रादो पलीकडे उभा होता, मान वर केली नाही. बाहेर आल्यावर कासिल्दाने मला मिठी मारली आणि कोमाद्रे म्हणाली. मग सगळे त्याच्याकडे बघू लागले, म्हणून त्यालाही म्हणावं लागलं. मला इतकी वर्षं तू म्हणणारा माणूस टोपी काढून म्हणाला की कोमाद्रे, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. काल शनिवार होता. तो आला नाही. चीज जावयाच्या हाती पाठवलं.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. पहिले दोन दिवस होते. तू त्या म्हाताऱ्याला रविवारपर्यंत राहू दिलंस हे वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. मग विचार केला की माझ्या दारात कोणी असं मागितलं असतं तर मी काय केलं असतं. मीही रविवारपर्यंतच दिलं असतं. मीही बाळाला नाही म्हणू शकले नाही. आपल्या दोघींना आईने सारखंच वाढवलं.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, तुझा विजय सगळा. तिने गाठोडं मागितलं. ते मी दिलं नाही.

कारण आता तू येऊ नकोस, डेल्फिना. आईला घेऊन गेलीस तर या घरात मी कोणासाठी चूल पेटवू? पूर्वी ती मला जड वाटायची, हे मी तुला सांगते, तिला नाही. आता तीच राहिली आहे. पुढच्या वर्षी इस्टरला ये, सगळ्यांना भेटून जा, पण ट्रक रिकामा ने.

आणि एक कर. तुझे कोम्पाद्रे कुठे गेले ते शोध. मुलाकडे गेले असतील तर सुनेसमोरूनच त्यांना घेऊन ये. खोली रिकामी आहे, पलंग आहे, सकाळचं ऊन येतं. ज्याच्यासाठी त्यांना काढलंस ते काम उरलं नाही. त्यांना म्हणावं, कोम्पाद्रे, हवं तितकं राहा.

तुझीच,
ओतिलिया